चार कोपरे, वीस वर्षं

जर्नलचं एक कोरं पान घ्या आणि ते कर्णावर दुमडा. म्हणजे एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत घडी घाला. पानाचे दोन त्रिकोण झाले. दोन्ही अगदी एकसारखे, क्षेत्रफळ तेच, बाजू त्याच. तरी ते एकावर एक बसतात का? नाही. कोपरे दोन्हीकडून बाहेर डोकावतात. म्हणजे कर्ण हा आयताचा सममिती अक्ष नाही. आयताला अक्ष दोनच, समोरासमोरच्या बाजूंचे मध्य जोडणारे. चौरसाला चार, ते दोन आणि शिवाय दोन्ही कर्ण. समभुज चौकोनाला दोन, पण ते त्याचे कर्ण. पतंगाला एक. समद्विभुज समलंब चौकोनालाही एकच. आणि साध्या समांतरभुज चौकोनाला एकही नाही. तो फक्त अर्धा फेरा फिरवला तर पुन्हा स्वतःच्या जागी बसतो.

शाळेतल्या भूमितीचं हे दोन मार्कांचं काम. पण एखादी गोष्ट हलवली, उलटली, फिरवली तरी ती होती तशीच राहते का, हा साधा प्रश्न एका मुलानं भूमितीतून उचलून बीजगणितात नेला आणि अडीचशे वर्षांहून जास्त काळ अडलेलं कोडं सोडवलं. त्याचं नाव एव्हारिस्त गाल्वा. तो २० वर्षं आणि ७ महिने जगला. म्हणजे आपल्याकडे थर्ड इयरच्या मुलाचं जे वय असतं, तेवढंच त्याचं सगळं आयुष्य. आणि हो, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता!

या गोष्टीत आणखीही ओळखीची मंडळी भेटतील. कॉशी, फूरिये, प्वासाँ... मॅथ्सच्या पेपरमध्ये ज्यांनी आपल्याला छळलं, त्या सगळ्यांच्या टेबलावर या पोराचे कागद जाऊन आले.

बूर्ग-ला-रेनचा मुलगा

पॅरिसजवळच्या बूर्ग-ला-रेन या गावात २५ ऑक्टोबर १८११ रोजी गाल्वाचा जन्म झाला. वडील निकोला गाब्रिएल गाल्वा शाळा चालवत आणि १८१५ पासून गावचे मेयर होते. मोकळ्या विचारांचा, राजेशाही आणि धर्मसत्ता दोन्हींना न मानणारा माणूस. लोकांवर गमतीदार कविता रचायची त्यांना आवड होती. आई कायदेपंडितांच्या घरातली. बारा वर्षांचा होईपर्यंत मुलाला तिनंच घरी शिकवलं, लॅटिन वगैरे सगळं.

१८२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला पॅरिसच्या लुई-ल-ग्रान या नामांकित शाळेत घातलं. रोबेस्पिएर आणि व्हिक्टर ह्यूगो याच शाळेचे विद्यार्थी. शाळा निवासी आणि शिस्त तुरुंगासारखी. पहिली दोन-तीन वर्षं तो बरा विद्यार्थी होता, बक्षिसंही मिळवत होता. मग अभ्यासातून मन उडालं, एक वर्ग पुन्हा करावा लागला. आणि १८२७ च्या सुरुवातीला, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो पहिल्यांदा गणिताच्या वर्गात बसला.

तिथून सगळं बदललं. लजांद्रचं भूमितीचं पुस्तक त्यानं वाचून काढलं, मग शाळेची पुस्तकं सोडून थेट लाग्रांजचे मूळ निबंध वाचायला घेतले. बाकीच्या विषयांच्या शिक्षकांनी प्रगतिपुस्तकात तक्रारींचा पाऊस पाडला: विचित्र आहे, हुशारी दाखवतो, काही करत नाही. गणिताचे शिक्षक व्हेर्निए यांना मात्र पोराची ताकद कळली होती. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की याने जरा पद्धतशीर काम करावं. सल्ला चांगला होता. गाल्वानं तो ऐकला नाही.

पॅरिसमध्ये तेव्हा इंजिनिअर घडवणारी सगळ्यात मोठी संस्था म्हणजे एकोल पॉलितेक्निक. क्रांतीच्या काळात, १७९४ साली स्थापन झालेली. गणित तिथलं उत्तम आणि राजकारणाचं वारंही तिथं खेळतं. गाल्वाला दोन्ही हवं होतं. तयारीचा वर्ग न करताच, एक वर्ष आधी, १८२८ साली त्यानं प्रवेश परीक्षा दिली आणि नापास झाला.

शाळेत परतल्यावर त्याला लुई रिशार नावाचे शिक्षक मिळाले. हे सर त्याच्या उत्तरांवर लाल रेघा मारत बसले नाहीत. त्यांनी त्याच्या वह्या जपून ठेवल्या. एप्रिल १८२९ मध्ये कंटिन्यूड फ्रॅक्शन्सवरचा त्याचा पहिला निबंध छापून आला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. आणि मे-जून १८२९ मध्ये त्याचे समीकरणांवरचे दोन निबंध फ्रेंच अकादमीकडे गेले. ते तपासायला दिले कॉशीकडे.

अडलेलं कोडं

आता कोडं काय होतं ते बघू. वर्गसमीकरणाचं सूत्र आपल्याला झोपेतही पाठ असतं. तिसऱ्या आणि चौथ्या घाताच्या समीकरणांची सूत्रं सोळाव्या शतकात इटलीत सापडली. कार्दानोच्या १५४५ सालच्या पुस्तकात ती दोन्ही आहेत. चौथ्या घाताचं सूत्र त्याच्या शिष्याचं, फेरारीचं. पुढे सगळे पाचव्या घाताच्या मागे लागले आणि अडकले. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ-घनमूळ-पाचवं मूळ एवढीच हत्यारं वापरून उत्तर लिहायचं, ते काही जमेना. लाग्रांजनं १७७० च्या सुमारास दाखवलं, की गोम मुळांची अदलाबदल करण्यात आहे. १८२४ साली नॉर्वेच्या आबेलनं सिद्ध केलं, की पाचव्या घातासाठी असं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही. पण मग काही पंचघाती समीकरणं सुटतात ती का? समोर आलेलं एखादं समीकरण सुटणारं आहे की नाही, हे ओळखायचं कसं? हा प्रश्न गाल्वानं घेतला.

इथं मी आपल्या चौकोनांची मदत घेतो. गाल्वानं स्वतः चौकोन काढले नव्हते, तो अक्षरांच्या अदलाबदलींबद्दल लिहीत होता. पण चार मुळं म्हणजे चार कोपरे असं समजलं, की त्याची कल्पना डोळ्यांना दिसते.

चार कोपऱ्यांवर अ, ब, क, ड ही चार नावं एकूण २४ प्रकारे मांडता येतात. त्यांतल्या किती मांडण्या पुठ्ठ्याचा तुकडा नुसता उचलून, उलटून किंवा फिरवून पुन्हा त्याच चौकटीत ठेवल्यानं मिळतात? चौरस असेल तर ८: चार अक्षांवर चार उलट्या, आणि पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण असे चार फेरे. आयत असेल तर ४: दोन उलट्या, अर्धा फेरा, आणि काहीच न करणं. समांतरभुज चौकोन असेल तर फक्त २. आकार जितका जास्त अटी पाळतो, तितक्या त्याच्या सममिती जास्त, असं वाटतं. समीकरणात गंमत उलटी आहे: मुळांमध्ये आपापसांत नाती जितकी जास्त, तितक्या चालणाऱ्या अदलाबदली कमी.

पहिलं समीकरण घ्या: क्षचा चौथा घात वजा २ बरोबर ०. फर्स्ट इयरच्या द मॉयव्हरच्या प्रमेयानं याची चार मुळं काढली आणि आरगांड आकृतीत मांडली, तर बरोबर चौरसाचे चार कोपरे मिळतात. समोरासमोरच्या मुळांची बेरीज शून्य. म्हणजे अ अधिक क शून्य, ब अधिक ड शून्य. आता मुळांची अशी अदलाबदल करायची, की साध्या पूर्णांक-अपूर्णांकांत लिहिलेलं त्यांच्यातलं प्रत्येक खरं नातं खरंच राहिलं पाहिजे. अशा अदलाबदली मोजल्या तर ८ निघतात. त्या नेमक्या चौरसाच्याच ८ सममिती आहेत.

दुसरं समीकरण: क्षचा चौथा घात, वजा १० क्षचा वर्ग, अधिक १, बरोबर ०. याचं एक मूळ अ म्हणजे √३ + √२. दुसरं ब म्हणजे √३ − √२. क आणि ड म्हणजे त्यांचीच ऋण रूपं. चारही वास्तव संख्या आहेत, त्यामुळे इथला चौकोन हे निव्वळ समजुतीचं चित्र. अ, ब, क, ड क्रमानं चार कोपऱ्यांवर लिहा. कर्णावरच्या दोघांची बेरीज शून्य, ती आधीसारखीच. पण आता बाजूंकडे बघा. अ गुणिले ब किती? ३ वजा २, म्हणजे १. क गुणिले ड पण १. आणि ब गुणिले क? वजा १. ड गुणिले अ पण वजा १. म्हणजे समोरासमोरच्या दोन बाजू एका जातीच्या आणि उरलेल्या दोन दुसऱ्या जातीच्या. हा चौरस राहिला नाही, आयत झाला!

आता कर्णावर घडी घाला: अ आणि क जागच्या जागी, ब आणि ड यांची अदलाबदल. जिथं अ गुणिले ब १ होतं, तिथं आता अ गुणिले ड आलं, ते वजा १. नातं मोडलं. जर्नलच्या पानावर कोपरे बाहेर डोकावले होते ना, तेच इथं बीजगणितात डोकावतंय. या समीकरणाला चालणाऱ्या अदलाबदली फक्त ४, आयताच्याच.

अशा अदलाबदलींच्या संचाला गाल्वानं ग्रुप म्हटलं. आज गणितात जो शब्द सगळीकडे आहे, तो तांत्रिक अर्थानं वापरायला त्यानं सुरुवात केली. आणि त्याचं मुख्य म्हणणं असं, की समीकरण सुटेल की नाही हे ठरवायला मुळं शोधत बसू नका, त्याच्या ग्रुपकडे बघा. ग्रुप पायरी-पायरीनं खाली उतरवता आला पाहिजे. प्रत्येक उतरणीत २, ३, ५ अशा मूळ संख्येनं भाग गेला पाहिजे, आणि २ ची पायरी म्हणजे एक वर्गमूळ, ३ ची पायरी म्हणजे एक घनमूळ. शिवाय एक अट. वरच्या पायरीतल्या कुठल्याही अदलाबदलीनं कोपऱ्यांची नावं बदलली, तरी खालचा संच तोच राहिला पाहिजे.

सर्वसाधारण चतुर्घाती समीकरणाचा ग्रुप म्हणजे सगळ्या २४ अदलाबदली. तिथून खाली उतरायला चौरसाच्या ८ चालतील का? नाही. कोपऱ्यांची नावं बदलली, की वेगळा चौरस आणि वेगळ्या ८ अदलाबदली मिळतात. आयताच्या ४ मात्र चालतात. का? आयताची प्रत्येक हालचाल कोपऱ्यांच्या दोन जोड्या पाडते आणि प्रत्येक जोडीत अदलाबदल करते. चार जणांच्या दोन-दोनच्या जोड्या लावायच्या प्रकारच मुळात तीन. आयताच्या तीन हालचालींत ते तिन्ही येऊन गेले! मग नावं कशीही बदला, संच तोच. चौरस दिसायला जास्त सममित, पण पायरी म्हणून उपयोगी पडतो तो आयत. २४ वरून १२, १२ वरून आयताचे ४, मग २, मग १. भागाकार २, ३, २, २. फेरारीच्या सूत्रात वर्गमुळं आणि घनमूळ का येतात, त्याचं उत्तर या शिडीत आहे. गाल्वाच्या निबंधातही चतुर्घाती समीकरणाचं उदाहरण याच पायऱ्यांनी उतरवलेलं आहे.

पाच मुळं असली की १२० अदलाबदली. १२० वरून ६० पर्यंत उतरता येतं. आणि तिथं शिडी संपते. ६० च्या आत अटीत बसणारी एकही पायरी नाही, आयतासारखं मधलं काहीच नाही. म्हणून सर्वसाधारण पंचघाती समीकरण सुटत नाही. ज्या पंचघाती समीकरणाचा ग्रुप लहान आणि उतरवता येण्यासारखा आहे, ते सुटतं.

वाईट वर्ष आणि त्यानंतरचं

१८२९ च्या उन्हाळ्यात गाल्वाच्या घरावर आभाळ कोसळलं. गावातल्या एका धर्मगुरूनं मेयरच्या नावावर घाणेरड्या कविता खपवल्या. ती बदनामी सहन न होऊन २ जुलै १८२९ रोजी वडिलांनी आत्महत्या केली. त्यानंतर काही आठवड्यांतच गाल्वाची पॉलितेक्निकची दुसरी परीक्षा होती. नियमाप्रमाणे शेवटची. तोंडी परीक्षेत तो पायऱ्या गाळून उत्तरं द्यायचा, परीक्षकाला ते पटलं नाही. चिडून त्यानं फळा पुसायचं फडकं परीक्षकाच्या अंगावर फेकलं, अशी कहाणी सांगतात. ती कहाणीच समजावी. निकाल मात्र खरा. नापास. इंजिनिअरिंगचं दार कायमचं बंद.

मग शिक्षक तयार करणाऱ्या एकोल नॉर्मालमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत बी.एड. कॉलेजात, त्यानं प्रवेश घेतला. तिथं त्याला ऑग्युस्त शेव्हालिए नावाचा मित्र भेटला. हे नाव लक्षात ठेवा.

अकादमीकडे गेलेल्या निबंधांचं काय झालं? कॉशीनं ते हरवले असं बऱ्याच पुस्तकांत लिहिलेलं असतं. पण जानेवारी १८३० चं कॉशीचं पत्र पुढे सापडलं. त्यावरून दिसतं, की त्याला हे काम अकादमीपुढे मांडायचं होतं, त्या दिवशी आजारी असल्यामुळे राहून गेलं. ते नंतरही मांडलं गेलं नाही. फेब्रुवारी १८३० मध्ये गाल्वानं काम नव्यानं लिहून अकादमीच्या मोठ्या पारितोषिकासाठी पाठवलं. ते फूरियेकडे आलं, आणि १६ मे १८३० ला फूरिये वारला. त्याच्या कागदांत निबंध सापडला नाही. पारितोषिक याकोबी आणि आदल्या वर्षी क्षयानं गेलेला आबेल यांना मिळालं. आबेलला मिळालं यात अन्याय काहीच नव्हता. पण गाल्वाची प्रत गेली ती गेलीच.

जुलै १८३० मध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली. पॉलितेक्निकची पोरं रस्त्यावर उतरून लढली. गाल्वाच्या कॉलेजच्या संचालकांनी मात्र गेटला कुलूप लावून मुलांना आत कोंडलं. डिसेंबरमध्ये त्यानं संचालकांवर टीका करणारं पत्र वर्तमानपत्राला पाठवलं आणि त्याला काढून टाकलं. जानेवारी १८३१ मध्ये त्यानं एका पुस्तकाच्या दुकानात बीजगणिताचा जाहीर वर्ग सुरू केला. तो फार काळ चालला नाही. त्याच महिन्यात प्वासाँच्या सांगण्यावरून त्यानं तिसऱ्यांदा निबंध लिहून अकादमीला दिला.

पुढचं दीड वर्ष राजकारणात गेलं. ९ मे १८३१ च्या एका मेजवानीत हातात उघडा सुरा धरून त्यानं राजा लुई-फिलिपच्या नावानं पेला उंचावला. 'थ्री मस्केटीअर्स'वाला अलेक्झांडर द्यूमा त्या जेवणाला हजर होता. अटक झाली, पण कोर्टानं सोडलं. १४ जुलैला बंदी घातलेला तोफदलाचा गणवेश घालून निघाला, पुन्हा अटक. या वेळी शिक्षा झाली आणि सेंत-पेलाजीच्या तुरुंगात रवानगी.

तुरुंगातच प्वासाँचा अहवाल त्याच्या हातात पडला. युक्तिवाद पुरेसा स्पष्ट नाही, पुरेसा उलगडलेला नाही, त्यामुळे तो बरोबर आहे का हे ठरवता येत नाही. लेखकानं सगळं काम एकत्र प्रसिद्ध करावं, मग मत देता येईल, असा त्याचा आशय. गाल्वा भयंकर संतापला. अकादमीच्या सगळ्या शहाण्यांना शिव्या घालणारी प्रस्तावना त्यानं तुरुंगातच लिहिली.

मला इथं प्वासाँची बाजूही दिसते. गाल्वाचा निबंध खरोखरच अतिशय तुटक आहे. ज्या गोष्टी जगात कुणालाच माहीत नव्हत्या, त्या त्यानं सगळ्यांना माहीत असल्यासारख्या एका ओळीत उरकल्या. प्वासाँनं कागद हरवला नाही, वाचला, समजून घ्यायचा प्रयत्न केला. व्हेर्निए सरांनी शाळेत सांगितलेली गोष्टच अकादमीनं पुन्हा सांगितली.

शेवटची रात्र

१८३२ च्या वसंतात पॅरिसमध्ये पटकीची साथ आली. मार्चमध्ये काही कैद्यांना तुरुंगातून एका आरोग्यगृहात हलवलं, त्यात गाल्वा होता. तिथं राहणाऱ्या स्तेफानी नावाच्या मुलीवर त्याचं प्रेम बसलं. तिनं नकार दिला. एप्रिलअखेर त्याची सुटका झाली आणि महिन्याभरात द्वंद्वाचं आव्हान आलं. कारण प्रेमाचं की राजकारणाचं, आणि समोर नेमका कोण होता, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही.

२९ मे १८३२ च्या रात्री त्यानं पत्रं लिहिली. सगळ्यात मोठं पत्र शेव्हालिएला. त्यात आपल्या कामाचा सारांश, आणि एक विनंती: याकोबी किंवा गाउस यांना जाहीरपणे मत विचार, प्रमेयं खरी आहेत का हे विचारू नकोस, ती महत्त्वाची आहेत का एवढं विचार. परत आलेल्या निबंधात त्यानं काही दुरुस्त्या केल्या आणि एका सिद्धतेशेजारी समासात नोंद केली, की ती पूर्ण करायला वेळ नाही.

३० मे च्या सकाळी गोळी पोटात लागली. त्याला कोशँ इस्पितळात नेलं. धाकटा भाऊ आल्फ्रेद धावत आला. रडणाऱ्या भावाची समजूत गाल्वानंच काढली. ३१ मे १८३२ रोजी तो गेला. मोंपार्नासच्या स्मशानात सामाईक खड्ड्यात त्याला पुरलं. ती जागाही आज ओळखता येत नाही.

आता त्या रात्रीबद्दल. ई. टी. बेल यांचं १९३७ सालचं 'मेन ऑफ मॅथेमॅटिक्स' लायब्ररीतून आणून वाचलं, तर असं चित्र उभं राहतं की मरणाच्या आदल्या रात्री एका बैठकीत गाल्वानं सगळा ग्रुप सिद्धांत लिहून काढला. होस्टेलला ही गोष्ट आवडणारच! सबमिशनच्या आदल्या रात्री अकरा वाजता ज्याची पहिली शीट कोरी असते, त्याला गाल्वा आपला माणूस वाटणारच. मला ही गोष्ट खटकते, कारण तारखा तिच्या विरुद्ध आहेत. पहिले निबंध १८२९ चे, दुसरी प्रत १८३० ची, तिसरी १८३१ ची. त्या रात्री झाल्या त्या दुरुस्त्या आणि सारांश. म्हणजे एकच काम त्यानं तीनदा लिहून काढलं होतं, बाप गेल्यावर, कॉलेजातून काढल्यावर, मागची प्रत हरवल्यावर. एका रात्रीच्या चमत्कारापेक्षा मला ही तीन वर्षं मोठी वाटतात.

आणि दुसरी गोष्ट. गाल्वा मेला तेव्हा त्याचं काम जगाला ठाऊक नव्हतं. ते कागद रद्दीत गेले असते, तर गेले असते. शेव्हालिए आणि आल्फ्रेद या दोघांनी ते गोळा केले, स्वच्छ अक्षरात उतरवून काढले. शेव्हालिएनं ते शेवटचं पत्र त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये छापून आणलं. कुणी लक्ष दिलं नाही. दोघं कागद सांभाळत राहिले. शेवटी ते जोसेफ लिऊव्हिलच्या हाती आले. लिऊव्हिलनं तो तुटक निबंध धीरानं समजून घेतला, १८४३ साली अकादमीत जाहीर केलं की काम बरोबर आहे, आणि १८४६ साली आपल्या नियतकालिकात छापलं. मृत्यूनंतर १४ वर्षांनी! सगळं मिळून साठेक पानं. १८७० साली कामीय जॉर्दाननं त्यावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि मग ग्रुप सगळीकडे पसरला.

आपल्या ब्रँचमध्ये तो कुठं आहे? इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरवाल्यांना गाल्वा फील्ड माहीत असेल. ती कल्पना त्याच्या १८३० सालच्या निबंधातली. तिच्यावर १९६० साली रीड आणि सॉलोमन यांनी चुका दुरुस्त करणारे कोड बांधले. ओरखडे पडलेली सीडी वाजायची ती त्यांच्यामुळे, आणि कोपरा फाटलेला क्यूआर कोड स्कॅन होतो तोही त्यांच्यामुळे. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांसाठी तर आपला आयतच आहे. मधोमध भोक असलेल्या आयताकृती प्लेटला दोन्ही बाजूंनी सारखं ओढलं, तर फायनाइट एलिमेंटमध्ये पाव प्लेटचंच मॉडेल पुरतं, कारण सममितीचे अक्ष दोन. कर्णावर कापून अर्धं मॉडेल मात्र घेता येत नाही. का, ते आता सांगायला नको.

गाल्वाची गोष्ट सांगताना शेवटी नेहमी म्हटलं जातं, की व्यवस्थेला प्रतिभा ओळखता आली नाही. ते काही अंशी खरंही आहे. पण मित्रांनो, मला त्यातून दोन साध्या गोष्टी घ्याव्याशा वाटतात. एक, आपल्याला जे कळलंय ते दुसऱ्याला कळेल असं, एकही पायरी न गाळता लिहावं. परीक्षकासाठी नाही, तर चौदा वर्षांनी वाचणाऱ्या एखाद्या लिऊव्हिलसाठी. आणि दुसरी, नापासाचा शिक्का बसलेला, सगळ्यांशी भांडून बसलेला, कोपऱ्यात काहीतरी खरडणारा मुलगा प्रत्येक होस्टेलमध्ये असतो. तो गाल्वा असेलच असं नाही. बहुतेक नसेलच. पण आपण शेव्हालिए होऊ शकतो. शेव्हालिएला ते गणित किती कळलं होतं कोण जाणे, त्यानं मित्राचे कागद मात्र फेकले नाहीत.